‘ओडिसी अँड ऑरॅकल’ : बँड मोडल्यानंतर निघालेला आल्बम

‘द झॉम्बीज’ या इंग्लिश बँडचा ‘ओडिसी अँड ऑरॅकल’ हा आल्बम एप्रिल १९६८ मध्ये लंडनच्या बाजारात आला, तेव्हा तो करणारा बँड मोडून काही महिने झाले होते. कार्यक्रम करायला कोणी उरले नव्हते आणि आधी काढलेली सुटी गाणी पडलेली असल्यामुळे कंपनीलाही फारसा उत्साह नव्हता. आज जुन्या रॉकच्या जाणकारांत या आल्बमचे नाव आदराने घेतले जाते. मधल्या काळात त्यातला एक सूरही बदललेला नाही. म्हणून तो इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिला, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत शोधावे लागते.

लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्स गावाच्या परिसरातली ही शाळकरी वयाची मुले. रॉड आर्जेंट कीबोर्डवर, ख्रिस व्हाइट बेसवर, कॉलिन ब्लन्स्टोन गायक, पॉल ॲटकिन्सन गिटारवर आणि ह्यू ग्रंडी ड्रम्सवर. आर्जेंट लहानपणी तिथल्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात गायला होता आणि या आल्बममधले एकावर एक चढत जाणारे आवाज त्या शिस्तीतून आलेले आहेत. गोव्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. चर्चच्या शाळेत मेस्ताकडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेल्या पिढ्यांनीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्याच परंपरेतले. गोव्यात पाश्चात्त्य संगीत हिप्पींनी आणले असे अजूनही सहज बोलले जाते, ते निव्वळ अज्ञान आहे.

झॉम्बीजचे पहिलेच गाणे, ‘शीज नॉट देअर’, १९६४ मध्ये अमेरिकेत गाजले. १९६५ मध्ये ‘टेल हर नो’ही तिथे चालले, पण त्यानंतर एकामागून एक गाणी पडत गेली. बाहेर कीर्ती आणि खिशात काही नाही अशी अवस्था होती; १९६७ च्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये हजारोंच्या गर्दीपुढे त्यांचे कार्यक्रम झाले, पण हाती आलेले मानधन किरकोळ होते. आर्जेंट आणि व्हाइट यांना गीतकार-संगीतकार म्हणून स्वामित्वधन मिळत असे, त्यामुळे त्यांचे बरे चालले होते. उरलेल्या तिघांची मदार कार्यक्रमांच्या बिदागीवर होती, आणि ती आटत चालली होती. बँड मोडण्याचे खरे कारण हेच. अशा परिस्थितीत निदान एक आल्बम तरी स्वतःच्या मनासारखा करावा, असे ठरवून त्यांनी सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. खर्चासाठी मिळाले सुमारे १,००० पौंड.

ध्वनिमुद्रण जून १९६७ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सुरू झाले. बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’चे काम नुकतेच तिथे संपवले होते आणि त्या आल्बमवर काम केलेले जेफ एमरिक व पीटर व्हिन्स हे ध्वनिमुद्रकही या मुलांच्या वाट्याला आले. आर्जेंटने नंतर सांगितल्याप्रमाणे जॉन लेननचा मेलोट्रॉनही तिथेच राहिला होता आणि आर्जेंटने तो मनसोक्त वापरला. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की त्या टेपवर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर काही सेकंद वाजतो. पैसे बेताचे असलेल्या बँडला वादकांचा ताफा न बोलावता वाद्यवृंदाचा भास निर्माण करता आला, तो या यंत्रामुळे. स्टुडिओचा प्रत्येक तास पैशांत मोजायचा असल्याने ते गाण्यांची पक्की तालीम करूनच तिथे पाऊल ठेवत. ‘टाइम ऑफ द सीझन’ मात्र शेवटी शेवटी लिहिले गेले, ब्लन्स्टोनला ते नीट बसलेले नव्हते, आणि मुद्रणाच्या वेळी आर्जेंटच्या सततच्या सूचनांनी तो इतका वैतागला की दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी तो गायला.

गोव्यातल्या मराठी श्रोत्याने विशेष कान देऊन ऐकावे असे या आल्बमवरचे गाणे म्हणजे ‘बुचर्स टेल’. पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेल्या एका खाटकाच्या तोंडचे हे गाणे ब्लन्स्टोन गात नाही. ते लिहिणारा ख्रिस व्हाइट आपल्या थोड्या कापऱ्या आवाजात गातो, आणि साथीला ड्रम्स नाहीत, गिटार नाही, प्रामुख्याने आहे तो पायाने भाता मारून वाजवायचा जुना ऑर्गन. संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असतो, त्याच कुळातले हे वाद्य. जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात पहिल्या रांगेत बसून नाटक पाहिलेल्या माणसाला पट्ट्यांची खडखड, भात्याचा श्वास आणि सूर सुटताना येणारी ती किंचित घरघर चांगली ओळखीची असते. तिथे तो नांदीला आणि पदांना आधार देतो. इथे तोच आवाज खंदकात थरथरणाऱ्या माणसाची भीती दाखवतो. रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा गोंगाट, असे मानून आमच्या फोंडा-डिचोलीकडच्या घरांनी ज्या संगीताकडे पाठ फिरवली, त्यात हेही होते.

नोव्हेंबरपर्यंत काम संपले. मग कंपनीने स्टीरिओ, म्हणजे आवाज दोन स्पीकरांत वाटून देणारी, प्रतही मागितली, तिचा खर्च मात्र आर्जेंट आणि व्हाइट यांनाच स्वतःच्या खिशातून करावा लागला. त्याआधी निघालेले ‘केअर ऑफ सेल ४४’ हे गाणे चालले नव्हते. तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेले पत्र इतक्या आनंदी चालीत बांधण्याचे धाडस तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नसावे. डिसेंबर १९६७ मध्ये पाचही जण वेगळे झाले आणि ब्लन्स्टोनने विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी धरली.

पुढचा भाग अमेरिकेतला. संगीतकार आणि निर्माता अल कूपर याने लंडनहून नेलेल्या रेकॉर्डींत ही एक होती, आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत रुजू झाल्यावर त्याने ती अमेरिकेत काढण्याचा हट्ट धरला. डेट या दुय्यम लेबलवर ती निघाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात युद्धविरोधी गाणे चालेल अशा हिशेबाने त्यांनी आधी चक्क ‘बुचर्स टेल’ सुटे काढून पाहिले, ते अर्थातच पडले. ‘टाइम ऑफ द सीझन’ मात्र आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहराच्या रेडिओवरून पसरत गेले आणि मार्च १९६९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. बँड पुन्हा जमवा म्हणून विचारणा झाली, पण आर्जेंट आणि व्हाइट नव्या बँडच्या कामात गुंतले होते. खरे झॉम्बीज येत नाहीत म्हटल्यावर मिशिगनच्या एका कंपनीने तोतये झॉम्बीज दौऱ्यावर धाडले. टेक्सासमधून जमवलेल्या त्यातल्या एका चमूत पुढे ‘झी झी टॉप’ या रॉक बँडमुळे नावारूपाला आलेले डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते.

गोव्यात या गोष्टीची दखल घेतली जाण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ रोजी ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल, झाला होता आणि मराठी घरांत विलीनीकरणाच्या वादापुढे दुसरा विषय नव्हता. परदेशी रेकॉर्ड यायच्या त्या मुंबईहून किंवा बोटीवरच्या तारवट्यांच्या पेटाऱ्यातून, आणि त्यांत बहुधा गाजलेलीच नावे असत. गाजले नाही ते पोहोचले नाही. ध्वनिमुद्रित संगीत काही काळ गाडले जाऊन पुन्हा वर येण्याचा अनुभव गोव्यालाही आहे. संगीतकार क्रिस पेरीबरोबर कोकणी गाण्यांचा सुवर्णकाळ घडवणारी गायिका लोर्ना दोन दशकांहून अधिक काळ गप्प राहून १९९५ मध्ये रंगमंचावर परतली, तेव्हा जुन्या रेकॉर्ड पुन्हा बाहेर निघाल्या.

झॉम्बीजचे परतणे याहून संथ होते. ऐंशीच्या दशकापासून निघालेल्या नव्या आवृत्त्या, पॉल वेलरसारख्या संगीतकारांनी जाहीरपणे केलेली वाखाणणी आणि १९९७ चा ‘झॉम्बी हेवन’ हा संच यांतून श्रोते वाढत गेले. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या ५०० सर्वोत्तम आल्बमांत तो ८० वा आला. ॲटकिन्सन २००४ मध्ये वारला. उरलेल्या चौघांनी मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये हा आल्बम प्रथमच पूर्ण सादर केला. रेकॉर्डवरचा प्रत्येक स्तर ऐकू यावा म्हणून जादा वादक आणि गायक घेतले होते. २०१९ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आणि २०२४ मध्ये पक्षाघातानंतर आर्जेंटने दौरे थांबवले.

आल्बम घेणाऱ्याने मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीतून देणारी) आणि स्टीरिओ या दोन्ही प्रती ऐकाव्यात. ‘धिस विल बी अवर इयर’मधली तुतारीवजा फुंकवाद्ये तयार मोनो मिश्रणावरच थेट वाजवून भरली होती, त्यामुळे ती वेगळी काढता आली नाहीत आणि या एका गाण्याचे खरे स्टीरिओ मिश्रण त्या वेळी होऊ शकले नाही. चांगल्या स्पीकरवर हा फरक लगेच कळतो.