ऑगस्ट १९७१ : अलाबामाने आक्रमण बदलले, त्यामागचा इतिहास

१० सप्टेंबर १९७१ च्या शुक्रवारी रात्री लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर अलाबामा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ खेळायला उभा राहिला, तेव्हा यजमान सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ज्या संघाची तयारी केली होती, तो संघ समोर नव्हता. खेळाडू बहुतेक तेच होते आणि मैदानाच्या कडेला प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंटही तेच होते; मात्र चेंडू घेऊन पुढे सरकण्याची त्यांची रीत मुळापासून बदललेली होती. अलाबामाने तो सामना १७-१० असा जिंकला आणि पुढची अकरा वर्षे ब्रायंट यांनी ती रीत सोडली नाही. हा बदल एका उन्हाळ्यात झाला असे नेहमी सांगितले जाते आणि तारखांच्या हिशेबाने ते खरेही आहे. मात्र त्याची मुळे अनेक विद्यापीठांत आणि तीस वर्षांत पसरलेली आहेत.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे, की या खेळात आक्रमण करणाऱ्या अकरा जणांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीला चेंडू बहुधा प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो चेंडू हवेतून दूरच्या सहकाऱ्याकडे फेकू शकतो किंवा मागे उभ्या असलेल्या धावपटूच्या हाती देऊ शकतो. संघाचे आक्रमण म्हणजे या दोन वाटांपैकी कोणती, केव्हा आणि कोणत्या मांडणीतून धरायची याची ठरलेली पद्धत होय. ती पद्धत बदलायची म्हणजे अकराही जणांची पावले नव्याने बसवावी लागतात.

ब्रायंट १९५८ साली अलाबामात आले आणि १९६१, १९६४ व १९६५ साली त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९६६ साली तर संघ एकही सामना हरला नाही. त्यानंतर उतरण लागली. १९६७ साली दोन पराभव, १९६८ साली तीन, १९६९ साली पाच आणि १९७० साली पुन्हा पाच, अशी ती पायरी-पायरीने खाली येत गेली. याच काळात स्कॉट हंटर हा उत्तम फेक असलेला क्वार्टरबॅक संघात होता आणि त्यामुळे आक्रमणाचा भर पासवर गेला होता. १९६९ च्या मोसमात ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात हंटरने ४८४ यार्डांचे पास पूर्ण केले, आणि तरीही अलाबामा तो सामना ४९-२६ असा हरला. माझ्या मते त्या दोन वर्षांचे सारे दुखणे या एका सामन्यात दिसते. चेंडू हवेतून भराभर पुढे जात होता, पण तो आपल्याकडे टिकत नव्हता, आणि थकलेल्या बचावाला पुन्हापुन्हा मैदानात उतरावे लागत होते. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, १२ सप्टेंबर १९७० रोजी, बर्मिंगहॅममध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना ४२-२१ असे नमवले. मिसिसिपीने ४८ गुण लादले आणि टेनेसीने तर २४-० असे कोरडेच पाठवले.

मोसम संपला तेव्हा हंटरचे महाविद्यालयीन शिक्षण संपून तो व्यावसायिक फुटबॉलकडे गेला. मागे राहिलेल्यांत टेरी डेव्हिस हा क्वार्टरबॅक होता, ज्याची खरी ताकद फेकीपेक्षा चपळ पावलांत होती. जॉनी मुसो हा अंगावर येणाऱ्यांना न जुमानता पुढे घुसणारा धावपटू होता, आणि आघाडीच्या फळीत जॉन हॅना याच्यासारखे दणकट जवान होते. हाताशी असलेली माणसे आणि चालत आलेली पद्धत यांचा मेळ बसत नव्हता.

ज्या मांडणीने हा मेळ बसवला तिचा जन्म टेक्सास विद्यापीठात झाला होता. डॅरेल रॉयल यांचा टेक्सास संघ १९६५ ते १९६७ या तिन्ही मोसमांत प्रत्येकी चार सामने हरला होता. १९६८ च्या उन्हाळ्यात रॉयल यांचे सहायक एमोरी बेलार्ड यांच्यापुढे प्रश्न असा होता, की ख्रिस गिल्बर्ट, स्टीव्ह वॉर्स्टर आणि टेड कॉय या तीन चांगल्या धावपटूंना एकाच वेळी कसे खेळवायचे. त्यांनी तिघांपैकी एक, म्हणजे फुलबॅक, क्वार्टरबॅकच्या थेट मागे ठेवला आणि त्याच्याही मागे, डावी-उजवीकडे, उरलेले दोन, म्हणजे हाफबॅक, उभे केले. वरून पाहिले तर ही आकृती बेचकीसारखी दिसते. ह्यूस्टनचे क्रीडापत्रकार मिकी हर्स्कोविट्झ यांना तीत कोंबडीच्या छातीतले दुहेरी फाट्याचे हाड दिसले, जे दोघांनी दोन टोकांनी ओढायचे आणि मोठा तुकडा हाती येईल त्याची इच्छा पुरी होते असे अमेरिकेत मानतात. त्या हाडाला विशबोन म्हणतात, आणि तेच नाव मांडणीला चिकटले.

नाव आकृतीवरून पडले असले तरी खरी करामत चालीत आहे. समजा चाल उजवीकडे जायची आहे. आघाडीची फळी त्या बाजूच्या दोन बचावपटूंना मुद्दाम न अडवता मोकळे सोडते. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. त्याची नजर पहिल्या मोकळ्या बचावपटूवर असते. तो जागीच राहिला तर चेंडू फुलबॅककडे जातो आणि तो मधून घुसतो. तो फुलबॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि फळीला समांतर धावत दुसऱ्या मोकळ्या बचावपटूकडे जातो. हा दुसरा त्याच्या अंगावर आला तर चेंडू बाहेरून धावणाऱ्या हाफबॅककडे भिरकावला जातो, आणि तो हाफबॅकच्या मागे गेला तर क्वार्टरबॅक स्वतःच पुढे मुसंडी मारतो. दुसरा हाफबॅक तोवर पुढे जाऊन वाट मोकळी करत असतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. बचावपटूने काहीही केले तरी ते चूकच ठरावे, अशी ही योजना आहे. आणि दोघांना हूल देऊनच बाद केल्यामुळे त्यांना अडवण्यासाठी लागले असते ते दोन गडी इतरांना अडवायला मोकळे होतात.

ही कल्पना बेलार्ड यांनी शून्यातून काढली नव्हती. मिझुरी विद्यापीठाचे डॉन फॉरो यांनी १९४१ साली ‘स्प्लिट टी’ नावाची मांडणी आणली, तिच्यात क्वार्टरबॅकने शेवटच्या बचावपटूला पेचात टाकायचे हे तत्त्व होते, आणि ते त्यांना बास्केटबॉलमध्ये दोघांनी मिळून एका बचावपटूला चकवण्याच्या चालीवरून सुचले होते. ओक्लाहोमात ती मांडणी बड विल्किन्सन यांनी चालवली आणि त्यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला एक तरुण म्हणजेच डॅरेल रॉयल. दुसरीकडे ह्यूस्टनमध्ये बिल योमन यांनी ‘व्हीअर’ या मांडणीत तिघांऐवजी दोनच धावपटू ठेवून तिहेरी पर्यायाची, म्हणजे अशीच तीन वाटांची, चाल बसवली होती. योगायोग असा, की विशबोनचा पहिला सामना याच ह्यूस्टनशी झाला आणि तो २०-२० असा बरोबरीत सुटला.

दुसऱ्या सामन्यात टेक्सास टेककडून टेक्सास ३१-२२ असा हरला. नवी पद्धत तिथेच मोडीत निघाली असती तर कोणालाही नवल वाटले नसते. रॉयल यांनी दोन गोष्टी केल्या: बिल ब्रॅडली याच्या जागी जेम्स स्ट्रीट याला क्वार्टरबॅक केले आणि फुलबॅक वॉर्स्टरला थोडे मागे सरकवले. तो क्वार्टरबॅकच्या इतका जवळ उभा राहत असे, की चेंडू द्यायचा की ठेवायचा हे पाहायला क्वार्टरबॅकला अवधीच मिळत नव्हता. एक-दोन पावलांचे ते अंतर पडले आणि टेक्सासने त्यानंतर सलग ३० सामने जिंकले. डिसेंबर १९६९ मध्ये अर्कान्सासवर मिळवलेला १५-१४ हा थरारक विजय त्यातलाच. १ जानेवारी १९७१ रोजी नोत्र दामने ती मालिका तोडली.

टेक्सासकडून वारंवार मार खाणाऱ्या ओक्लाहोमाने १९७० च्या मोसमाच्या अधेमध्येच विशबोन उचलली; त्यामागे सहायक प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांचा आग्रह होता. आणि इथे अलाबामाची गोष्ट या धाग्याला येऊन मिळते, कारण ३१ डिसेंबर १९७० रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ब्लूबॉनेट बोल या मोसमाअखेरच्या निमंत्रित सामन्यात अलाबामासमोर हाच ओक्लाहोमा संघ होता. सामना २४-२४ असा बरोबरीत सुटला. ब्रायंट यांच्या बचावाला ज्या मांडणीने हैराण केले ती ते मैदानाच्या कडेवरून तासन्‌तास पाहत होते. सहा-सात महिन्यांनी त्यांनी घेतलेला निर्णय अचानक वाटतो तो हा सामना विसरला गेल्यामुळे.

१९७१ च्या वसंतातला सराव जुन्याच पद्धतीने झाला. उन्हाळ्यात ब्रायंट टेक्सास विद्यापीठाच्या गावी, ऑस्टिनला, गेले आणि रॉयल यांच्याबरोबर बसून त्यांनी टेक्सासच्या सामन्यांच्या फिती पाहिल्या. या भेटीचे मोल कळण्यासाठी दोघांचा पूर्वेतिहास ध्यानात घ्यायला हवा. ब्रायंट टेक्सास ए अँड एम संघाचे प्रशिक्षक असताना १९५७ साली रॉयल यांच्या टेक्सासने त्यांना ९-७ असे हरवले होते. १ जानेवारी १९६५ रोजी ऑरेंज बोलमध्ये अलाबामाचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला अगदी गोलरेषेवर रोखून रॉयल यांनीच अलाबामाला २१-१७ अशी धूळ चारली होती. तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे नावावर असलेला, साठीकडे झुकू लागलेला प्रशिक्षक ज्याच्याकडून हरला त्याच्याच दारी शिकायला गेला, आणि त्याने काहीही हातचे न राखता शिकवले. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत आदरणीय वाटते ती ही गोष्ट.

ऑगस्टमध्ये खेळाडू अलाबामा विद्यापीठाच्या गावी, टस्कलूसाला, परतले तेव्हाच त्यांना बदल सांगण्यात आला. पहिला सामना तोंडावर आला होता आणि तोही गेल्या वर्षी ४२ गुण लादणाऱ्या संघाशी. सरावाच्या मैदानाभोवती ताडपत्र्या लावल्या गेल्या. मैदानात ब्रायंट यांचा एक उंच मनोरा होता. त्यावर चढून ते संपूर्ण सराव वरून पाहत आणि काही बिनसले तर खाली उतरत, तेव्हा खाली उभ्या असलेल्यांच्या छातीत धडकी भरे असे त्यांचे खेळाडू सांगत आले आहेत. अशा मांडणीत, जिथे चौघांच्या पावलांतील अंतर इंचाइंचाने जुळावे लागते, वरून पाहण्याचा उपयोग किती झाला असेल याची कल्पना करता येते. दक्षिणेतील विद्यापीठांचा दौरा करणारे पत्रकार मोसमाआधी सराव पाहायला आले, त्या दिवशी संघाने त्यांच्यासमोर जुनीच पासची चाल गिरवली. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

या गुप्ततेची किंमतही होती, जिच्याविषयी कमी बोलले जाते. परक्या संघासमोर एकदाही न आजमावलेली पद्धत थेट पाचव्या मानांकित संघाविरुद्ध वापरायची होती, आणि टेक्सासचा स्वतःचा अनुभव सांगत होता, की पहिल्या दोन सामन्यांत ती फसू शकते. ब्रायंट यांनी ती जोखीम जाणून पत्करली. मुसोने दोनदा टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, अलाबामाने पहिल्या अर्धात मिळवलेली आघाडी शेवटपर्यंत टिकवली, आणि ब्रायंट यांच्या कारकिर्दीतील तो २०० वा विजय ठरला.

त्याच सामन्यात आणखी एक इतिहास घडला. जॉन मिचेल हा अलाबामाच्या मुख्य संघातून सामना खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आदल्या वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय फुलबॅकने बर्मिंगहॅममध्ये १३५ यार्डांची दौड केली आणि त्या एका रात्रीने अलाबामाचे दरवाजे उघडले, अशी दंतकथा प्रचलित आहे. वस्तुस्थिती अशी, की विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय धावपटूला त्या सामन्याआधीच शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि त्याच्याही आधी, १९६९ साली, विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट यांच्यावर न्यायालयात दावा लावला होता. दरवाजा त्या विद्यार्थ्यांनी ढकलला, हे विसरणे अन्यायाचे होईल. नव्या मांडणीशी या घटनेचा संबंध पुढे उघड झाला. तीन धावपटू एकाच वेळी लागणाऱ्या पद्धतीला भरपूर चांगले धावपटू हवे होते, आणि जॅक्सन त्यांतला एक अव्वल हाफबॅक झाला. १९७३ साली व्हर्जिनिया टेकवर मिळवलेल्या ७७-६ अशा विजयात अलाबामाच्या चार खेळाडूंनी प्रत्येकी शंभराहून अधिक यार्डांची धाव नोंदवली; त्यांत तोही होता.

१९७१ चा मोसम अकरा विजय आणि एक पराभव असा संपला. तो एक पराभव मात्र बोचरा होता: ऑरेंज बोलमध्ये नेब्रास्काने ३८-६ असे लोळवले. विशबोनची उणीव तिथे उघडी पडली. ती आघाडी राखण्यासाठी उत्तम, पण मोठी पिछाडी भरून काढायला संथ आहे. वर्षभराने, १ जानेवारी १९७३ रोजी, कॉटन बोलमध्ये दोन विशबोन समोरासमोर आल्या आणि रॉयल यांनी आपल्या पाहुण्या विद्यार्थ्याला १७-१३ असे हरवले. ब्रायंट यांनी या अनुभवातून पासला पुन्हा जागा दिली. धाव रोखायला बचावपटू पुढे खेचले गेले, की मागे एखादा झेलणारा एकटाच मोकळा सापडतो. १९७४ ते १९७७ या काळात ओझी न्यूसम याने १०२ झेलांत २,०७० यार्ड मिळवले, म्हणजे एका झेलामागे वीसहून अधिक. टेक्सासपेक्षा वेगळी, अलाबामाची स्वतःची विशबोन ही अशी घडत गेली. १९७१ ते १९७९ या नऊ मोसमांत संघाने ९७ सामने जिंकले आणि ११ गमावले. १९७३, १९७८ व १९७९ साली त्यांना राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळाली.

ब्रायंट डिसेंबर १९८२ मध्ये ३२३ विजयांसह निवृत्त झाले आणि २६ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले रे पर्किन्स हे साठच्या दशकात याच संघातून पास झेलणारे खेळाडू होते. १९८३ च्या मोसमाआधी त्यांनी विशबोन बाजूला ठेवून पासवर आधारलेले आक्रमण परत आणले, आणि सरावाच्या मैदानातला तो मनोराही उतरवला. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. विशबोन मात्र टस्कलूसाला परतली नाही.