मोटो गुझी व्ही-ट्विन, जुन्या : देखभाल व फेरबदल

इटलीतील मोटो गुझी कंपनीच्या १९६७ नंतरच्या, ९० अंशी मोठ्या व्ही-ट्विन एंजिनाच्या मोटारसायकली हौशी मालकांनी स्वतः दुरुस्त करून चालू ठेवणे व त्यांत मर्यादित बदल करणे, हा या नोंदीचा विषय आहे. कार्लो गुझी व जॉर्जो पारोदी यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा कारखाना कोमो सरोवराच्या पूर्व काठावर मांदेल्लो देल लारिओ येथे आहे. या गाड्यांत क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर डोकावतात, क्लच कोरडा असतो आणि मागच्या चाकाला गती चेनऐवजी शाफ्टने मिळते. टाकी न काढता दोन्ही हेडांपर्यंत हात पोहोचत असल्याने घरच्या घरी काम करणाऱ्यांत त्या विशेष प्रिय आहेत. एंजिनामागचे काम मात्र तितकेच किचकट आहे.

एंजिनाचा उगम : हे एंजिन लष्करी वाहनातून आले, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. इटालियन सैन्याच्या डोंगरी तुकड्यांसाठी कंपनीने १९६० ते १९६३ या काळात ‘३×३’ नावाचे, तिन्ही चाकांना गती असणारे वाहन बनविले. त्यात ७५४ घसेमीचे (घन सेंटीमीटरचे), ९० अंशी, हवेने थंड होणारे व्ही-ट्विन एंजिन होते. पुढे १९६५ च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात ७०३ घसेमीची व्ही७ मोटारसायकल दिसली आणि १९६७ पासून ती विक्रीस आली. दोन एंजिनांचा कोन एक, सिलिंडरचा व्यासही एकच (८० मिमी), फरक पिस्टनच्या धावेचा (७५ व ७० मिमी). त्यामुळे एक दुसऱ्यापासून निघाले, असा निष्कर्ष सहज काढला गेला.

दुसऱ्या मताप्रमाणे ३×३ चे एंजिन आंतोनिओ मिकुच्ची यांचे असून मोटारसायकलचे एंजिन जूलिओ चेझारे कार्कानो यांचे स्वतंत्र काम आहे. कार्कानो हे कंपनीचे शर्यतीच्या गाड्यांचे अभिकल्पक. १९५५ चे ५०० घसेमी आठ-सिलिंडरी एंजिन त्यांचेच. कंपनीने १९५७ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतल्यावर त्यांनी फियाट ५०० या छोट्या मोटारीसाठी एक व्ही-ट्विन आखले. ते उत्पादनात गेले नाही, पण सरकारी पोलीस दलांसाठी दणकट मोटारसायकलची मागणी आल्यावर तीच कल्पना पुन्हा हाती घेतली गेली, असे या मताचे म्हणणे आहे. अभिकल्पक निराळे असणे आणि फियाटच्या प्रयोगाचा स्वतंत्र उल्लेख मिळणे, या दोन गोष्टींमुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि दोन्ही कामे एकाच कारखान्यात जवळजवळ एकाच वेळी चालली होती, तेव्हा ओतकाम व यंत्रकामाचा अनुभव एकीकडून दुसरीकडे गेला नसेल, असे म्हणता येत नाही. हौशी मालकाला या वादाचा व्यावहारिक उपयोग एवढाच, की ३×३ चे सुटे भाग व्ही७ ला चालतील या भरवशावर ते विकत घेऊ नयेत.

टोंती सांगाडा : कार्कानो यांच्यानंतर लीनो टोंती मुख्य अभिकल्पक झाले. व्ही७ मध्ये दोन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत पट्ट्याने फिरणारा डायनामो बसे व त्यामुळे सांगाड्याची वरची नळी उंच न्यावी लागे. टोंती यांनी डायनामो काढून क्रँकच्या पुढच्या टोकावर बॉशचा अल्टरनेटर बसविला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून सरळ नळ्या नेल्या. १९७१ ची व्ही७ स्पोर्ट ही या सांगाड्याची पहिली गाडी (७४८ घसेमी, व्यास ८२·५ मिमी, धाव ७० मिमी). पहिला नमुना संपाच्या दिवसांत कारखान्याबाहेर जोडला गेला, असे सांगितले जाते. सुरुवातीच्या थोड्या गाड्यांचे सांगाडे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे व लाल रंगाचे होते. त्यांची संख्या सामान्यतः दीडशेच्या आसपास धरतात, काही याद्या ती दोनशेच्या वर नेतात. नंतरच्या सांगाड्याला लाल रंग देऊन गाडी विकण्याचे प्रकार होत असल्याने केवळ रंगावर जाऊ नये.

या सांगाड्याच्या खालच्या दोन नळ्या बोल्टने सुटतात. एंजिन बाहेर काढण्याऐवजी ते गिअरबॉक्ससह घोडीवर ठेवून सांगाडाच वर उचलून बाजूला नेतात. एकट्याने काम करणाऱ्यास हीच पद्धत सोपी जाते.

नेहमीची देखभाल : एंजिनात ३ लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल लागते, गिअरबॉक्समध्ये ०·७५ लिटर, मागच्या ड्राइव्हमध्ये ०·२५ लिटर. शेवटच्या आकड्यात सुमारे २० घसेमी मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त पूरक धरलेले असते. ऑइल दर ३,००० किमीला बदलावे. १९७५ च्या ८५० टी३ पासून ऑइल फिल्टरचा डबा सम्पच्या (एंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) आत असतो, त्यामुळे फिल्टर बदलण्यासाठी सगळा सम्प उतरवावा लागतो. त्याचे एम६ बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात. १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त ताण दिल्यास आटे निघतात. याच कटकटीमुळे मालक फिल्टर टाळतात. सम्प दर दुसऱ्या ऑइलबदलीला उतरवणे योग्य. त्या आधीच्या गाड्यांत फक्त तारेची जाळी असून ती रॉकेल किंवा पेट्रोलने धुतात.

टॅपेट (व्हॉल्व्ह व रॉकर यांमधील अंतर) एंजिन पूर्ण थंड असताना लावतात. स्पार्क प्लग काढून गाडी पाचव्या गिअरमध्ये घालावी व मागचे चाक हळू फिरवावे. गिअरबॉक्सच्या आवरणाच्या उजव्या बाजूचे रबरी बूच काढल्यावर फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात : ‘डी’ उजव्या सिलिंडरची, ‘एस’ डाव्याची. खूण जुळली आणि त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल असले, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. रॉकर घट्ट असतील तर क्रँकला आणखी एक फेरा द्यावा. टी३ व ८५० ल माँ या मॉडेलांत इनलेट व एक्झॉस्ट दोन्हींना ०·२२ मिमी, तर जुन्या व्ही७ मध्ये इनलेटला ०·१५ व एक्झॉस्टला ०·२५ मिमी अंतर ठेवतात. हेड नुकतेच बसविले असल्यास आधी हेडचे नट तिरक्या क्रमाने ४० ते ४२ न्यूटन-मीटरला कसावेत व मगच टॅपेट लावावेत, कारण नट कसल्यावर अंतर कमी होते.

व्ही७ स्पोर्टपासून प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कबिंदूंचा) स्वतंत्र संच आहे. अंतर ०·३७ ते ०·४३ मिमी. एका संचाचे टायमिंग पूर्ण डिस्ट्रिब्युटर फिरवून लावायचे व दुसऱ्याचे त्याची पट्टी सरकवून. हा क्रम उलटला तर पहिले बिघडते. ल माँचे टायमिंग बंद एंजिनात ८ अंश व पूर्ण पुढे गेल्यावर ३४ अंश असते. डिस्ट्रिब्युटरमधील वजनांच्या स्प्रिंगा सैलावलेल्या असतील, तर एंजिन स्लोवर (थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद गतीवर) स्थिर राहत नाही. मग दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

कार्ब्युरेटर देलॉर्तोचे : टी३ वर ३० मिमीचे व्हीएचबी, ल माँवर ३६ मिमीचे पीएचएफ. दोन्ही बाजूंचा ओढा व्हॅक्यूम गेजने सारखा करतात, पण त्याआधी टॅपेट व पॉइंट झालेले असावेत आणि कार्ब्युरेटर व हेड यांमधील रबरी नळ्यांना भेगा नसाव्यात. भेगेतून हवा आली की मिश्रण पातळ होते, एंजिन तापते व स्लो वर चढते. स्लोचा स्क्रू फिरवून हे सुटत नाही. रबरावर थोडे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारल्यास स्लो बदलतो व गळती सापडते. गरम सायलेन्सरशेजारी हे करताना अर्थातच जपावे.

पुढच्या फोर्कमध्ये दाबरोधकाचे काम सीलबंद नळकांडी करतात, आतले ऑइल केवळ वंगणासाठी असते, प्रत्येक पायात ६० घसेमी. जास्त ऑइल घालून फोर्क कडक होईल ही समजूत चुकीची. सील मात्र त्याने फुटतात. नळकांडी निकामी झाली तर ती बदलावीच लागतात.

ठरलेले बिघाड : सर्वांत महागडा बिघाड सिलिंडरच्या क्रोम लेपाचा. व्ही७ मालिका व १९७० च्या दशकातील अनेक ७५० आणि ८५० गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरांना आतून कठीण क्रोमचा थर होता. काळाने, विशेषतः गाडी वर्षानुवर्षे उभी राहून ओल धरल्यास, तो पापुद्र्यांनी सुटतो. सुटलेले कण ऑइलबरोबर फिरून ऑइल पंप व कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग शेल खातात. फक्त जाळी असलेल्या गाड्यांत त्यांना अडवणारे काहीच नसते. क्रोमचा सिलिंडर लेथवर बोअर करता येत नाही. उपाय म्हणजे निकासिल (निकेल व सिलिकॉन कार्बाइडच्या) लेपाचे नवे सिलिंडर व पिस्टन. मांदेल्लोच्याच जिलार्दोनी कंपनीचे संच यासाठी वापरतात. थर सुटलेला आढळल्यास केवळ सिलिंडर बदलून थांबू नये. क्रँकमधील गाळाच्या पोकळीचे बूच काढून ती धुवावी व शेल तपासावेत. रॉडचे नट ४६ ते ४८ न्यूटन-मीटरला बसतात. न धुतलेल्या क्रँकमधला गाळ पहिल्या काही शे किलोमीटरांतच नव्या शेलांवर येतो.

१९७४ च्या सुमारास कॅमशाफ्ट फिरवणारे गिअर जाऊन त्या जागी दुहेरी साखळी आली. मूळ ताणपट्टी झिजून साखळी सैल होते, टायमिंग डळमळते व पुढून खडखड ऐकू येते. बाहेरून मिळणारा स्प्रिंगचा ताणक हा स्वस्त व टिकाऊ उपाय आहे. अल्टरनेटरच्या बाबतीत बॅटरी चार्ज होईना, की रोटर व रेग्युलेटर विकत घेण्याची घाई होते. आधी ब्रशची लांबी आणि रोटरचा रोध (सुमारे ३·४ ओहम) पाहावा. १९८० च्या दशकातील काही गाड्यांत डायोड बोर्ड (अल्टरनेटरचा प्रवाह एकदिश करणारा भाग) रबरी खुंट्यांवर बसविला आहे. रबर तुटले की बोर्डाचे अर्थिंग जाते. बोर्डापासून टायमिंग कव्हरपर्यंत एक जाड वायर टाकल्यास हा दोष जातो.

हेडच्या पॅकिंगमधून किंवा टायमिंग कव्हरमधून ऑइल पाझरते अशी तक्रार पुष्कळदा येते. मूळ दोष ब्रीदरच्या नळीत असू शकतो. क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी ही रबरी नळी उष्णतेने कडक होऊन फाटते व आतील गोळीचा व्हॉल्व्ह अडकतो. दाब वाढला की ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. पॅकिंग बदलण्याआधी नळी पाहावी.

क्लच घसरत असून प्लेटांवर ऑइल दिसले तर क्रँकचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गेलेले असते. वासाने भेद कळतो, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. दोन्हींसाठी गिअरबॉक्स वेगळा करावा लागतो, म्हणून एक उघडले की दोन्ही सील बदलणे शहाणपणाचे. फ्लायव्हील काढण्यापूर्वी क्रँक व फ्लायव्हीलवर पंच मारून खूण करावी. बोल्ट समान अंतरावर असल्याने ते चुकीच्या जागीही बसते. मग ‘डी’ व ‘एस’ खुणा खोट्या ठरतात व सगळे टायमिंग चुकते. बोल्ट ४२ न्यूटन-मीटरला, नवे वॉशर व लॉकिंग द्राव लावून बसवितात. गिअरबॉक्स उघडाच असेल, तर गिअर बदलणाऱ्या पंज्याची स्प्रिंगही नवी घालावी. ती अचानक तुटते आणि लिव्हर लोंबू लागते.

फेरबदल : या गाड्यांत दोन प्रकारचे बदल केले जातात. ज्ञात दोष दूर करणारे बदल (निकासिल, ताणक, अर्थिंग, खोल सम्प, बाहेरून बदलता येणारा फिल्टर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन) जवळजवळ सर्वमान्य आहेत. शक्ती वाढविणाऱ्यांबाबत मते भिन्न आहेत. हलके फ्लायव्हील लावल्यास थ्रॉटल देताच गाडी उजवीकडे कलण्याचा झटका कमी होतो व एंजिन चपळ वाटते, मात्र फार हलके केल्यास स्लो अस्थिर होतो व गर्दीत चालविणे त्रासाचे होते. ल माँच्या उंच घुमटाच्या पिस्टनमुळे ज्वाला हळू पसरते. प्रत्येक हेडला दुसरा स्पार्क प्लग बसविल्यास कमाल टायमिंग ३४ वरून २८ अंशांच्या आसपास आणता येते. टायमिंग न कमी करता नुसते प्लग वाढविणे धोक्याचे, कारण त्याने पिस्टनला भोक पडते.

ब्रेकविषयीचा वाद जुना आहे. टी३ मध्ये पायाचा पेडल मागच्या व पुढच्या डाव्या डिस्कला एकत्र लावतो, हाताचा लिव्हर फक्त पुढच्या उजव्या डिस्कला. पुष्कळ जण ही जोडणी तोडून पुढच्या दोन्ही डिस्क लिव्हरला देतात. तसे करताना मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर लागतो, जुन्याच सिलिंडरवर दोन कॅलिपर टाकल्यास लिव्हर हँडलला टेकतो. लांबच्या प्रवासाला, ओल्या रस्त्यावर विशेषतः, मूळ जोडणीच सरस ठरते. ती नीट चालत नाही अशी तक्रार बहुतेकदा हवा अडकल्याने येते : पुढच्या डाव्या कॅलिपरकडे जाणारी नळी हेडस्टॉकपाशी (सांगाड्यात हँडल जेथे बसते तेथे) सर्वांत उंच जाते व तेथे बुडबुडे राहतात. ओतीव लोखंडी डिस्क पाऊस लागताच गंजतात. तो गंज पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो. द्राव डीओटी ४, वर्षातून एकदा बदलावा.

छोट्या एंजिनांच्या गाड्या (१९७७ पासूनच्या व्ही३५, व्ही५०) टोंती यांच्याच असल्या तरी हेड सपाट व दहनकक्ष पिस्टनमध्ये असल्याने त्यांच्या देखभालीला वरील आकडे लागू नाहीत.

भारतातील स्थिती : मोटो गुझी २००४ पासून पियाजिओ समूहात आहे. त्याच समूहाचा कारखाना पुणे जिल्ह्यात बारामतीला असला, तरी तेथे मुख्यतः तीनचाकी व स्कूटर तयार होतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. सांगाडा, बॉडी व एंजिन यांत भरीव बदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या बदलांपैकी डायोड बोर्डाचे अर्थिंग किंवा साखळीचा ताणक यांबाबत सहसा प्रश्न येऊ नये. घसेमी वाढविणे किंवा सांगाडा कापणे मात्र नोंदणीला बाधक ठरू शकते. मूळ भाग वेगळे ठेवून, गरज पडल्यास परत बसविता येतील असेच बदल करावेत, हे येथील मालकांना अधिक सोयीचे.