विद्यापीठाच्या निकालावर हरकत घ्यायची असेल तर: छायाप्रत, पुनर्मूल्यांकन आणि लोकपाल

एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले की बहुतेक विद्यार्थी थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरतात. माझा सल्ला असा की आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. ती पाहिल्याशिवाय नेमकी चूक कळत नाही, आणि चूक कोणत्या प्रकारची आहे यावरच दाद कुठे मागायची हे ठरते.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या दोन गोष्टींत अजूनही खूप गोंधळ होतो. गुणपडताळणीत उत्तरे कोणी पुन्हा वाचत नाही. बेरीज बरोबर आहे का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का, एखादे उत्तर तपासायचे राहून गेले का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात मात्र दुसरा परीक्षक उत्तरपत्रिका नव्याने तपासतो. त्यात गुण वाढू शकतात, तसे कमीही होऊ शकतात. कमी झालेले गुण धरायचे की नाही आणि किती फरक पडल्यावर बदल मान्य करायचा, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात. म्हणून पैसे भरण्याआधी परीक्षा विभागाचे त्या सत्राचे परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

अर्ज करण्यासाठी नापासच असायला हवे असे नाही. उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही तो करता येतो. ही सोय साधारणपणे लेखी परीक्षेसाठी असते. प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापन बहुधा त्यातून वगळलेले असते. अंतर्गत गुणांबद्दल तक्रार असेल तर ती आधी विभागप्रमुख आणि प्राचार्यांकडे लेखी द्यावी. सोबत असाइनमेंट जमा केल्याचा ईमेल, हजेरीची नोंद, चाचणीचा तपासलेला पेपर असे जे काही हाताशी असेल ते जोडावे.

कागदपत्रे फार लागत नाहीत: हॉल तिकीट, निकालाची प्रत, आसन क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), विषयाचे नाव आणि सांकेतांक, शुल्क भरल्याची पावती. बऱ्याच ठिकाणी अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून भरतात, काही ठिकाणी तो महाविद्यालयामार्फत जातो. तसे असेल तर अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि तो विद्यापीठाकडे रवाना झाला का, याची चौकशी करा. मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती सहसा निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात. छापील गुणपत्रिका हातात पडण्याची वाट पाहत बसलात तर मुदत टळून जाईल.

छायाप्रत मिळाली की प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून एकेक उत्तर पाहा. पुरवण्या सगळ्या आहेत का? हस्ताक्षर तुमचेच आहे ना? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची, तपासणी घाईने सुरू केली, तेव्हा निकाल रखडले, उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आले. त्यामुळे अशी शंका घेण्यात वावगे काही नाही. शक्य असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना उत्तरपत्रिका दाखवा. अर्जात किंवा तक्रारीत ‘माझा पेपर चांगला गेला होता’ असे लिहून काही साधत नाही. ‘प्रश्न ३ (ब) चे उत्तर पुरवणीच्या दुसऱ्या पानावर आहे, त्याला गुण दिलेले नाहीत’ असे नेमके लिहिले की ते टाळणे कठीण जाते.

छायाप्रतीचा मार्ग बंद असेल तर माहितीचा अधिकार आहे. मूल्यांकन केलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून ती परीक्षार्थीला पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात दिला. परीक्षकाचे नाव मात्र मिळत नाही. उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपली की हा मार्गही संपतो, म्हणून अर्ज लवकर करा. अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम उपयोगी पडतात. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांची अपिले ऐकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे) अपील करता येते. स्वतः हजर राहता येते किंवा प्रतिनिधी पाठवता येतो, आणि लोकपालांनी ३० दिवसांत प्रकरण निकाली काढणे अपेक्षित आहे.

इथेच अनेकांची निराशा होते. नुसते गुण वाढवून द्या, पुन्हा तपासा किंवा बेरीज पुन्हा करा, अशी मागणी लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता झाली किंवा भेदभाव झाला, असे दाखवावे लागते. पान न तपासणे, पुरवणी गहाळ होणे, जाहीर केलेली गुणदान पद्धत डावलणे हे मुद्दे मांडता येतात. परीक्षक कडक होते, हा मुद्दा तिथे टिकत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण विद्यापीठाच्या नियमांतच पुनर्मूल्यांकनाची तरतूद नसेल तर न्यायालये ते क्वचितच, चूक अगदी उघड असेल तेव्हाच, करायला सांगतात.

या सगळ्यात पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचे थांबवू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल उशिरा लागला तर राहिलेला विषय पुन्हा देण्याची (एटीकेटीची) संधी हातची जाते, आणि हे नुकसान कोणी भरून देत नाही. कुठे प्रवेश घ्यायचा असेल तर अर्जाची पावती जवळ ठेवा आणि पुनर्मूल्यांकन प्रलंबित असल्याचे तिथे लेखी कळवा. गुण बदलले तर जुनी मूळ गुणपत्रिका जमा करून नवी घ्यावी लागते. नव्या गुणपत्रिकेवर एसजीपीए (सत्राची सरासरी श्रेणी) बदलला आहे का ते पाहा, आणि अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या डिजिटल खात्यातील) नोंदही दुरुस्त झाली आहे याची खात्री करून घ्या.