सोयाबीन निघाल्यावर लस घेऊ

"सोयाबीन निघू द्या, मग बघू." २०२१ साली कोविडच्या लशीसाठी आशाताई दारात आल्या की मराठवाड्यात हे उत्तर ठरलेलं असायचं. त्याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. ताप आला तर दोन दिवसांचा रोज बुडतो आणि ऐन काढणीत बदली माणूस मिळत नाही. पण त्या उत्तरात एक हिशेब राहून जायचा. त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला देशातल्या ज्या जिल्ह्यांत पहिला डोससुद्धा निम्म्या लोकांपर्यंत पोचला नव्हता, त्यांत औरंगाबाद, हिंगोली आणि नांदेड होते. पुढे दोन महिन्यांतच ओमायक्रॉनची लाट आली.

राहून गेलेला हिशेब तारखांचा आहे. सुई टोचली त्या दिवशी संरक्षण सुरू होत नाही. पहिल्या डोसचा उपयोग दिसायला दोन-तीन आठवडे जातात आणि पुरेसं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी मिळतं. मे २०२१पासून कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे होतं. म्हणजे तेव्हा पहिला डोस घेतल्यापासून पूर्ण संरक्षणाला लवकरात लवकर १४ आठवडे लागायचे. दुसरी लाट मात्र फेब्रुवारीत महाराष्ट्रात उठली आणि एप्रिलअखेर टोकाला गेली, जेमतेम दहा-अकरा आठवड्यांत. तालुक्याला खाटा मिळेनाशा झाल्यावर रांगेत लागलेल्या माणसाला लस मिळते, पण तिचा पूर्ण फायदा मिळेपर्यंत ती लाट ओसरलेली असते.

आता धोक्याकडे येऊ. इथे लोक चुकतात ते एकाच ठिकाणी: लशीच्या त्रासाची बातमी एका मापाने मोजतात आणि आजाराची दुसऱ्या. दोन्ही 'लाखामागे किती मृत्यू' या एकाच मापात मांडा. लस येण्याआधीच्या काळात, मुख्यतः श्रीमंत देशांच्या आकडेवारीवरून, कोविडची लागण झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण वय २५ला सुमारे ०.०१ टक्का, ५५ला ०.४ आणि ६५ला १.४ टक्के निघालं. समजा, एका लाटेत पाचातल्या एकाला लागण होते. तर पासष्टीच्या एक लाख माणसांत २० हजारांना लागण आणि २८० मृत्यू. लशीने यातले ऐंशी टक्के टळले असं धरलं, तर २२४ जीव वाचले.

दुसऱ्या पारड्यात कोविशील्डमुळे क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या. मे २०२१मध्ये लशीनंतरच्या त्रासाची तपासणी करणाऱ्या आपल्या राष्ट्रीय समितीला दहा लाख डोसांमागे ०.६१ संशयित प्रकरणं आढळली होती. आपल्याकडे नोंदी सुटतात, म्हणून मुद्दाम ब्रिटनमधला मोठा आकडा घेऊ: याच लशीच्या पहिल्या दहा लाख डोसांमागे सुमारे १५. म्हणजे लाखामागे दीड, आणि त्यांतला साधारण पाचातला एक दगावला. मृत्यू झाले लाखामागे ०.३. पासष्टीच्या माणसासाठी तुलना २२४ विरुद्ध ०.३ अशी आहे. इथे थांबण्याला काही आधार उरत नाही.

पंचविशीत मात्र चित्र वेगळं आहे आणि ते लपवू नये. तिथे त्याच लाटेत लाखामागे दोनच मृत्यू धरावे लागतात, आणि तरुणांत गुठळ्यांचं प्रमाण थोडं जास्त होतं. म्हणूनच ब्रिटनने ७ एप्रिल २०२१ला तिशीखालच्यांना शक्य असेल तिथे वेगळ्या कंपनीची लस सुचवली. लाट जोरात असेल तर तराजू याही वयात लशीकडे झुकतो. लागण अगदी तुरळक असेल आणि वेगळी लस हाताशी असेल, तर ती निवडणं शहाणपणाचं. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या तरुणाने स्वतःला पंचविशीच्या गटात धरू नये.

"वॉर्डात लस घेतलेलेच जास्त होते" हेही पारावर खूप ऐकू यायचं. ते खरं असू शकतं, तरी त्यातून लस निकामी ठरत नाही. समजा, साठीपुढचे १००० लोक. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्यांतले दहा टक्के भरती झाले, म्हणजे १०. घेतलेल्यांतले दोनच टक्के, पण ते झाले १८. वॉर्डातल्या २८ खाटांपैकी १८वर लसवंत, आणि तरीही त्यांचा धोका पाचपट कमी!

एकदा ठरलं की केंद्रावर काय पाहायचं? कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची. म्हणून उघडल्याची वेळ तिच्यावर लिहायचे. तीनच माणसं आली म्हणून उपकेंद्रातून परत पाठवलं, ही तक्रार याच नियमातून यायची. अकरा किलोमीटर चालत आलेल्या बाईला परत पाठवणं फार वाईट, त्यामुळे आशाताईंकडे नावं देऊन दहा जणांनी एकाच दिवशी जाणं बरं. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बेचाळीस अंशांच्या उन्हात सगळ्यांचं लक्ष उष्णतेकडे असतं, पण फ्रीजरमधला कडक आइसपॅक तसाच डब्यात ठेवला तर कुपी गोठू शकते, आणि कोव्हॅक्सिनसारखी तुरटीच्या कुळातल्या क्षाराची लस गोठली की वाया गेली. म्हणून नर्सबाई आइसपॅक आधी बाहेर ठेवतात आणि हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच डब्यात भरतात.

उपाशीपोटी जाऊ नका. रांगेत चक्कर येण्याचं मोठं कारण भूक, ऊन आणि सुईची धास्ती. चक्कर आलेला माणूस आडवं केल्यावर सावरतो, नाडी संथ असते. अंगावर गांधी उठणं, श्वासात घरघर, जलद नाडी ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं. तिला लगेच ॲड्रेनालिन लागतं. ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसते, म्हणून बसवून ठेवतात. तो अर्धा तास बसाच. आधीच्या डोसला अशी ॲलर्जी आली असेल, तर तीच लस पुन्हा घ्यायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि टोचलेली जागा दोन मिनिटं तरी दाबून धरा.

ताप, अंगदुखी बहुतेकदा त्याच रात्री सुरू होते आणि दोन दिवसांत जाते. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला चालते, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. गुठळ्यांची लक्षणं उशिरा येतात, चौथ्या दिवसापासून साधारण महिनाभरात: न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, धाप, छातीत किंवा पोटात दुखणं, एकाच पायाला सूज, सुईच्या जागेपासून दूर लाल-जांभळे ठिपके. यातलं काही दिसलं तर रुग्णालय गाठा आणि लशीची तारीख सांगा.

बीडच्या ऊसतोड जोडप्याने तेव्हा दसऱ्याला पहिला डोस घेतला, तर दुसरा जानेवारीत, पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडावर असताना यायचा. गाडी भरण्याआधी लशीचं नाव आणि तारीख कागदावर लिहून घ्यावी लागायची, नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र सोबत ठेवावं लागायचं. दुसरा डोस कुठल्याही राज्यात मिळायचा, फक्त लस तीच आणि नोंदणी तीच लागायची. मुकादमाच्या नंबरावर नोंदणी केली असेल, तर निघण्यापूर्वी तो नंबर लिहून घ्यावा लागायचा; कारखाना बदलला की मुकादमही बदलतो.