गुण परीक्षकांचे, कौल प्रेक्षकांचा

2005 साली स्टार वनवर ‘नच बलिये’ ही जोडप्यांची नृत्यस्पर्धा सुरू झाली, तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मोबाइल एकच होता, बाबांचा. सचिन आणि सुप्रिया पिळगावकर नाचून झाले की तो फोन हातोहात फिरायचा. शेजारच्या काकूंचा बॅलन्स संपला की त्याही आमच्याकडे यायच्या आणि एसएमएस करून जायच्या. नाच बघून मत द्यायचं असतं हे सगळ्यांना कळत होतं. तरी आमचं मत आधीच ठरलेलं असायचं, कारण ते दोघं आपले होते. बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांना पडद्यावर ‘आपलं’ कुणी दिसलं की केवढा आनंद होतो, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. ती जोडी पहिल्या पर्वाची विजेती ठरली आणि गल्लीत पेढे वाटले गेले.

आत्या तेवढी शांत होती. ती इथल्या संगीत महाविद्यालयात भरतनाट्यम शिकलेली. पेढा हातात धरून म्हणाली, “छान नाचले गं दोघं. पण तुम्ही नाच बघितलात कधी?”

पुढे नामवंतांना नाचायला लावणारं ‘झलक दिखला जा’ आलं आणि दर पर्वात तोच वाद नव्याने ऐकू आला. परीक्षकांनी भरभरून गुण दिले तरी अमका घरी कसा गेला? ज्याला पाऊल धड टाकता येत नाही तो अंतिम फेरीत कसा? हे सगळं चॅनेलवाले घडवून आणतात, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. हा वाद या स्पर्धेच्या बांधणीतच आहे आणि त्याची मुळं टीव्हीच्या कितीतरी आधीची आहेत.

बॉलरूम नाचाला, म्हणजे पाश्चात्त्य नाचघरातल्या जोडीच्या नाचाला, गुण देता येतात, कारण कुणीतरी कधीतरी त्याची पावलं पक्की ठरवली. ते काम प्रामुख्याने लंडनमध्ये झालं. नृत्यशिक्षकांची इम्पीरियल सोसायटी 1904 साली तिथे स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर अमेरिकेतून फॉक्सट्रॉट आला, जॅझ आलं. टँगो अर्जेंटिनातून युरोपात आधीच पोचला होता. नाचघरात जो तो मनाला येईल तसा नाचू लागला. तेव्हा 1920 पासून शिक्षकांनी एकत्र बसून कोणतं पाऊल कसं पडावं हे ठरवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव सुरू झाला. या नाचाची दुनिया आजही त्याला पंढरीसारखं मानते. पुढे दोन गट रूढ झाले. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे एका गटात. सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह हे दुसऱ्या, लॅटिन गटात.

वॉल्ट्झ हा मूळचा ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीकडचा, अठराव्या शतकातला नाच. तीन मात्रांचा. गरब्यातला हींच ताल ज्याच्या कानात लहानपणापासून बसलाय, त्याला वॉल्ट्झची लय परकी वाटत नाही. शिवाय नाचघरात सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात आणि आपला गरबाही तसाच फिरतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी आत्याला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

तिने मग टीव्हीवरचं चित्र थांबवायला लावलं आणि मला पाय दाखवले. वॉल्ट्झमध्ये पुढे जाताना पहिलं पाऊल टाचेवर पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला नर्तक चवड्यांवर उंच होतो आणि तिसरीच्या शेवटी हळूच टाच टेकून खाली येतो. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अरमंडीत बसायचं, भार खाली ठेवायचा आणि अख्खा तळवा जमिनीवर थाप देतो. आत्या उठली आणि आमच्या हॉलच्या फरशीवर तिने दोन्ही करून दाखवलं. तळवा पडला तेव्हा ठण् असा आवाज आला. वॉल्ट्झच्या पावलाचा आवाजच आला नाही. “परीक्षक हेच बघतात,” ती म्हणाली. “टाच कुठे पडली, खांदे हलले का, दोघांच्या हातांची चौकट मोडली का. घरी बसलेल्याला यातलं काय दिसणार? त्याला हसू दिसतं.”

आता हे ज्ञान आणि घरी बसलेला माणूस एकत्र कसे आले ते सांगते. बीबीसीवर 1950 साली ‘कम डान्सिंग’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो एरिक मॉर्ली यांच्या कल्पनेतून आला. पुढच्याच वर्षी ‘मिस वर्ल्ड’ सुरू करणारे हेच गृहस्थ. आधी तो नाच शिकवणारा कार्यक्रम होता, मग त्याची स्पर्धा झाली आणि 1998 पर्यंत तो टिकून राहिला. त्यात नाचणारे साधे, हौशी लोक असत. निकाल जाणकार देत आणि प्रेक्षकाने फक्त बघायचं.

2004 साली बीबीसीने ती कल्पना उलटी केली. नाचता न येणारा नामवंत घ्यायचा, त्याला व्यावसायिक नर्तक जोडीला द्यायचा आणि आठवड्याला एक नाच शिकवून शनिवारी थेट प्रक्षेपणात उभं करायचं. जुन्या कार्यक्रमाचं नाव आणि बॅझ लुअरमन यांच्या 1992 च्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या चित्रपटाचं नाव जोडून ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ हे नाव बनलं. पहिल्या पर्वात आठ जोड्या होत्या आणि वृत्तनिवेदिका नताशा काप्लिन्स्की जिंकल्या. वर्षभरात अमेरिकेत ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ आलं आणि मग ही कल्पना जगभर गेली. आपलं ‘झलक’ हे तिचंच भारतीय रूप.

खरी गोम गुणांच्या पद्धतीत आहे, म्हणून तिथे जरा थांबते. ‘स्ट्रिक्टली’त चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. पण हे चाळीस थेट धरले जात नाहीत. त्यातून क्रम लावतात. दहा जोड्या असतील तर परीक्षकांच्या यादीत पहिल्या जोडीला दहा अंक आणि शेवटच्या जोडीला एक. प्रेक्षकांच्या मतांचाही असाच क्रम लावतात आणि दोन्हींची बेरीज करतात. बरोबरी झाली तर प्रेक्षकांचा कौल मोठा. म्हणजे कागदावर निम्मं-निम्मं असलं, तरी बरोबरीत पारडं घरी बसलेल्याचं जड.

याचा परिणाम 2008 च्या पर्वात एकदमच दिसला. जॉन सार्जंट हे साठी ओलांडलेले राजकीय पत्रकार त्यात होते. परीक्षक त्यांना आठवड्यामागून आठवडे तळाला टाकत होते आणि लोक तितक्याच निष्ठेने त्यांना वाचवत होते. शेवटी नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःहून माघार घेतली. आपण खरोखरच जिंकू शकतो, अशी वेळ येऊ नये असं त्यांना वाटलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. लोकांचं प्रेम मिळत असताना ‘हे नाचाचं प्रेम नाही’ हे ओळखून बाजूला होणं सोपं नसतं.

महिन्याभरात उपांत्य फेरीत गणितच अडलं. तीन जोड्या उरल्या होत्या. दोघींना परीक्षकांकडून सारखेच गुण मिळाले, म्हणून दोघींना तीन-तीन अंक आणि तिसऱ्या टॉम चेंबर्सला एक. प्रेक्षकांनी त्याला पहिलं केलं असतं तरी त्याचे चारच होत होते, आणि बाकी दोघींना कमीत कमी चार आणि पाच मिळणारच होते. तळाच्या दोघांनी पुन्हा नाचून टिकायचं हा त्या वेळचा नियम होता, आणि टॉम त्यातून सुटणं अशक्यच होतं. तोवर लोक पैसे खर्चून मतं देत होते. बीबीसीने मग ती पुन्हा नाचायची फेरी रद्द केली, तिन्ही जोड्यांना अंतिम फेरीत नेलं आणि दिलेली मतं पुढे धरली. त्या वर्षी जिंकला टॉम चेंबर्स! मतांचा हिशेब उघडपणे मांडला की चूक दिसते आणि सुधारता येते, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या कुठल्याच कार्यक्रमात मी तो हिशेब पडद्यावर पाहिलेला नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

अमेरिकेतही 2018 मध्ये रेडिओवरचे बॉबी बोन्स परीक्षकांचे कमी गुण असूनही जिंकले, आणि पुढच्या वर्षी तळाच्या दोघांपैकी कुणाला ठेवायचं हे परीक्षकांच्या हाती दिलं गेलं.

सोनीवर ‘झलक दिखला जा’चं पहिलं पर्व सप्टेंबर 2006 मध्ये आलं. परीक्षक संजय लीला भन्साळी, शिल्पा शेट्टी आणि फराह खान. विजेती मोना सिंग, उपविजेती आपली श्वेता साळवे. त्या पर्वात महेश मांजरेकर आणि अजय जडेजाही होते. चित्रपटाचा दिग्दर्शक आणि क्रिकेटपटू पाय मोजत शिकताहेत, हे बघण्यात मोठी गंमत होती. 2009 मध्ये फुटबॉलपटू बायचुंग भुतिया जिंकले आणि गौहर खान मागे राहिली. तेव्हा आमच्या घरात चांगलंच वाजलं. मी गौहरच्या बाजूने होते, कारण नाच तिचा सरस होता. आत्या भुतियांच्या बाजूने. “ती नाचत आलीच होती,” ती म्हणाली, “हा नाच शिकला.”

त्यानंतर कार्यक्रम बदलत गेला. 2012 मध्ये तो कलर्सवर गेला. दोघांनी एकमेकांना धरून नाचायचं, हा बॉलरूमचा प्राण हळूहळू मागे पडला. त्याजागी दोरीला लटकणं, पाण्याचे फवारे, आगीचे खेळ आणि मागे वीस जणांचा ताफा आला. स्पर्धकही बदलले. 2016-17 च्या पर्वात तेरिया मगर जिंकली. ती आधीच मुलांच्या नृत्यस्पर्धेची विजेती होती. उपविजेता सलमान युसूफ खान तर ‘डान्स इंडिया डान्स’चा पहिला विजेता. 2022 मध्ये आठ वर्षांची गुंजन सिन्हा जिंकली. ही पोरं अप्रतिम नाचतात, त्यात शंका नाही. पण न येणाऱ्याला शिकवणं हा जिचा पाया, त्या स्पर्धेत तयार नर्तक आणले की शिकणाऱ्यावर अन्याय होतो आणि प्रेक्षकालाही बघण्यासारखं कमी उरतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने रंगमंचावर नाचून नाव मिळवलंय त्याला इथे प्रवेश नको, आणि पर्वात निदान निम्मे नाच जोडीने, हात न सोडता व्हावेत.

बडोद्याच्या माणसाने हा आग्रह धरण्याला कारण आहे. नाच कुणी जोखायचा, हा प्रश्न या शहराने फार जवळून पाहिलाय. 1880 साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं, आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार इथे आले. गौरा आणि कांतिमती ही नावं आत्याच्या तोंडी मी लहानपणापासून ऐकतेय. दरबारात त्यांची नोंद कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात होती. गवई, बीनकार, नर्तकी सगळे तिथले पगारदार. हजेरी, रजा, बाहेर कार्यक्रम करायची परवानगी, सगळ्याला नियम. 1886 मध्ये गवई मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे नृत्याचे मोठे गुरू झाले, आणि दरबारातला नाच विद्यापीठाच्या वर्गात, परीक्षेच्या मार्कांत आला.

म्हणजे एकाच नाचाला आधी राजाने जोखलं, मग परीक्षकाने, आणि आता फोन हातात घेतलेला कुणीही जोखतो. यातलं पहिलं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. त्या नर्तकींना लग्नाबरोबर पाठवलं गेलं. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. लोकांच्या हाती कौल असणं चांगलंच आहे. फक्त कौल देणाऱ्याला टाच कुठे पडते हे कुणीतरी दाखवायला हवं. जुन्या ‘कम डान्सिंग’ने सुरुवातीला ते काम केलं होतं. आपल्या कार्यक्रमांत परीक्षक रडतात, मिठ्या मारतात, उभं राहून टाळ्या वाजवतात. पण पाऊल का चुकलं हे क्वचितच सांगतात.

‘झलक’ 2023 मध्ये सोनीवर परतलं. मार्च 2024 मध्ये मनीषा राणी जिंकली, तीही मध्येच वाइल्ड कार्डने आलेली, त्यामुळे पुन्हा गल्लीत दोन तट पडले. आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण एकही भाग चुकवला नाही. तिची जुनी सवय आहे, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने रकाने आखायचे: नाव, परीक्षकांचे गुण, आपले गुण. या पर्वात तिने चौथा रकाना वाढवला होता. वर लिहिलं होतं, ‘मागच्या आठवड्यापेक्षा’. त्यात आकडे नव्हते. कुठे ‘खांदे सुटले’, कुठे ‘ताल आता मोजत नाही’, आणि एका नावासमोर दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं, ‘आज पायाकडे बघितलं नाही’.