मुरडलेल्या पानात काय बिघडलेलं असतं?

टोमॅटोचं किंवा मिरचीचं पान आक्रसतं, कडा वळतात, शेंडा आखडतो. चुरडा-मुरडा हे या रोगाचं नाव अगदी चपखल आहे. विषाणू झाडाचं अन्न पळवतो म्हणून झाड असं होतं, अशी आपली साधी समजूत असते. पण उपासमारीने पान लहान राहील, पिवळं पडेल. ते मुरडायचं असेल, तर त्याच्या एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वाढायला हव्यात. कुठल्या पेशीने किती वाढायचं हे ठरतं संप्रेरकांच्या, म्हणजे झाडातल्या हार्मोन्सच्या, निरोपांवर, आणि विषाणू हात घालतो तो नेमका तिथेच.

तंबाखूच्या मोझॅक विषाणूचंच पाहा. त्याचा सगळा संसार सुमारे 6,400 अक्षरांच्या आरएनएत, म्हणजे त्याच्या जनुकीय रेणूत, मावतो. त्यातून मोजकीच प्रथिनं बनतात. त्यांतलं एक आरएनएच्या प्रती काढतं, पण ते आणखीही एक काम करतं. ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाचे निरोप नियंत्रित करणारं झाडाचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात असायला हवं. विषाणूचं प्रथिन त्याला चिकटतं आणि बाहेरच अडकवून ठेवतं. 2005 साली शास्त्रज्ञांनी या विषाणूत असा बदल केला की त्याला हे चिकटणं जमू नये. बदललेला विषाणू पहिल्यासारखाच वाढला, झाडभर पसरलाही. पण रोगाची लक्षणं मात्र सौम्य झाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. अंगात विषाणू किती आहे आणि झाड किती विद्रूप झालं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याने दाखवून दिलं. मग या उठाठेवीत विषाणूचा फायदा काय? पुढच्या प्रयोगांत त्याचं उत्तर मिळालं. वाढ पूर्ण झालेल्या जून पानांत शिरकाव करणं विषाणूला अवघड जातं, आणि तिथे हे चिकटणं त्याच्या उपयोगी पडतं.

भाताच्या खुज्या रोगाची गोष्ट आणखी सरळ आहे. तुडतुडे या रोगाचा विषाणू पसरवतात. त्याच्या बाह्य कवचातलं एक प्रथिन जिबरेलिन तयार करणाऱ्या साखळीतल्या एका विकराला (एन्झाइमला) जाऊन भिडतं. खोडाची उंची वाढवणारं संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. ते घटलं की रोप बुटकं राहतं. अशा रोगट रोपांना बाहेरून जिबरेलिन दिलं, तेव्हा त्यांची वाढ पूर्ववत झाली. जिबरेलिन हे काही विषाणूवरचं औषध नव्हे, पण रोप बुटकं का राहिलं याचा त्याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

झाडंही गप्प बसत नाहीत. 1979 साली तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचल्यावर मोझॅक विषाणूचे डाग कमी पडतात असं दिसलं. ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचं भावंड, आणि 1990 साली कळलं की विषाणूला तोंड देणारा तंबाखू हे आम्ल स्वतःच जास्त प्रमाणात बनवतो. धोक्याची सूचना झाडभर पोहोचवण्यात त्याचा वाटा असतो.

पाने कुरतडणाऱ्या आणि रस शोषणाऱ्या किडींविरुद्धच्या बचावात जास्मोनिक आम्लाचा मोठा वाटा असतो. काकडीच्या मोझॅक विषाणूचं एक प्रथिन नेमका त्याचाच निरोप दाबून टाकतं आणि झाड हा विषाणू पसरवणाऱ्या मावा या किडीला अधिक आकर्षक होतं. या विषाणूने ग्रासलेल्या भोपळावर्गीय वेलींवर तर याहून चकित करणारी गोष्ट आढळली. रोगट वेल निरोगी वेलीपेक्षा जास्त गंध सोडते, मावा त्या वासाने येतो, सोंड खुपसतो. पण रस काही चांगला लागत नाही, म्हणून लवकरच उठून दुसऱ्या वेलीवर जातो. हा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटून जातो आणि त्याला तेवढी क्षणभराची टोचणी पुरते.