कीटकस्नेही बाग

माणसाच्या डोळ्याला सुंदर दिसावी आणि त्याच वेळी मधमाश्या, फुलपाखरे, पतंग, भुंगे, माश्या यांना अन्न, निवारा व प्रजननाची जागा मिळावी, अशा दुहेरी हेतूने आखलेली बाग. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८७ टक्के जाती परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांवर अवलंबून असतात आणि त्या कामाचा मोठा भार कीटकच वाहतात. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढी हानी घराभोवतीच्या बागेने भरून निघणार नाही हे खरे. तरीही लहान जागेची क्षमता थक्क करणारी असते. इंग्लंडमधील लेस्टर येथे प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर ओवेन यांनी १९७२ पासून तीस वर्षे आपल्या उपनगरी बागेतील जीवांची नोंद ठेवली. हिरवळ, फुलझाडे आणि भाज्या असलेल्या त्या साध्या बागेत २,६७३ जाती आढळल्या. त्यांपैकी १,९९७ कीटकांच्या होत्या.

कीटकांसाठी बाग करायची म्हणजे रान माजू द्यायचे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकन भूदृश्य-रचनाकार जोन नॅसॉअर यांनी १९९५ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. निसर्गसंपन्न पण विस्कळीत जागा लोकांना दुर्लक्षित वाटते. तिच्या कडेने कापलेल्या हिरवळीची पट्टी, रेखीव पायवाट किंवा नीट राखलेले कुंपण दिसले, की त्याच जागेची कुणीतरी निगा राखते आहे हे कळते. म्हणून आखणीला चौकटीपासून सुरुवात करावी. कडा स्पष्ट असल्या, की आतल्या वाफ्यांत रोपांना मोकळेपणाने एकमेकांत मिसळू देता येते. डच उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांनी न्यूयॉर्कच्या हाय लाइन उद्यानातील लागवडीत फुलून गेलेली बोंडे, वाळके दांडे व गवताचे तुरे यांनाही शोभेचे स्थान दिले. असे दांडे हिवाळाभर उभे राहिले तर पोकळ दांड्यांत कीटकांना आसरा मिळतो.

मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुले हिंडते. ही सवय ॲरिस्टॉटलच्याही ध्यानात आली होती. एकेक रोप विखरून लावल्यास तिची शक्ती शोधण्यातच खर्च होते. एका जातीचा निदान मीटरभर रुंदीचा ताटवा केला, तर तिला थोड्या उड्डाणात पुष्कळ मिळते. रचनेच्या दृष्टीनेही हेच हितावह, कारण एकगठ्ठा रंग दुरून उठून दिसतो. रंगांची निवड मात्र विचारपूर्वक करावी. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना सवय लावली आणि करड्या छटांच्या अनेक कागदांतून त्या निळाच ओळखतात हे १९१४ मध्ये दाखवून दिले. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, मात्र अतिनील दिसतो. आपल्याला सलग पिवळ्या भासणाऱ्या काही फुलांच्या मध्यभागी त्यांना गडद वर्तुळ दिसते. अनेक फुलपाखरांना लाल रंग ओळखता येतो. निशाचर पतंगांसाठी फिकट, रात्री दरवळणारी फुले हवीत.

रंगाइतकाच फुलाचा आकार महत्त्वाचा. कोथिंबीर, बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मकरंद उघड्यावर असतो, त्यामुळे आखूड तोंडाच्या माश्यांनाही तो घेता येतो. त्यांतली सिर्फिड माशी तर बागेची मोठी सहायक, कारण तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. साल्व्हियाच्या खोल नळीत लांब सोंड लागते. टोमॅटोच्या फुलातील पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो; भुंगे आणि बंबलबी (गुबगुबीत, केसाळ रानमाशी) अंग थरथरवून तो झाडून काढतात, पाळीव मधमाशीला ते जमत नाही. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित वाणांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. असे फूल कितीही डौलदार असले तरी भुकेल्या कीटकाला त्यातून फारसे काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचे वाण निवडणे हा सर्वांत सोपा व परिणामकारक बदल आहे.

बहराचा क्रमही जुळवावा लागतो. हंगामाच्या ऐन मध्यावर फुलांना तोटा नसतो. टंचाई भासते ती आरंभी आणि अखेरीस. कोणत्या महिन्यात काय फुलते याचा तक्ता करून, कोणत्याही वेळी निदान तीन जाती बहरात राहतील असे पाहावे.

मकरंदावर भागते ते प्रौढ फुलपाखराचे. मोनार्क फुलपाखराच्या सुरवंटाला रुईच्या कुळातील मिल्कवीडचीच पाने लागतात, लेमन बटरफ्लायच्या सुरवंटाला लिंबूवर्गीय झाडांची. बडलियासारखे फुलपाखरांनी भरून जाणारे झुडूप बहुतेक सुरवंटांच्या उपयोगाचे नसते, शिवाय काही देशांत ते आक्रमक ठरले आहे. म्हणून खाद्यवनस्पतींना बागेत मानाची जागा द्यावी आणि कुरतडलेली पाने ही बाग जिवंत असल्याची खूण मानावी. त्यांच्यापुढे कमी उंचीचा ताटवा लावला, की खाल्लेली पाने डोळ्यांत भरत नाहीत.

जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य एकांड्या, म्हणजे पोळे करून एकत्र न राहणाऱ्या, असून बऱ्याचशा जमिनीत बीळ करतात. सर्व माती जाड आच्छादनाने झाकली तर त्यांची वाट बंद होते. उन्हातला एखादा तुकडा उघडा ठेवावा. लाकडाचे कीटकघर लावायचे असल्यास २ ते १० मिमी. व्यासाची, सुमारे १५ सेंमी. खोल व मागून बंद असलेली भोके पाडावीत. कीटकघर लहान असावे आणि भोकांत नळ्या बसवल्या असतील तर त्या वेळोवेळी बदलाव्यात. मोठ्या शोभिवंत कीटकघरांत परजीवी व रोग लवकर साठतात.

निऑनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके रोपाच्या रसातून मकरंदात व परागात उतरतात. यांतील तिघांचा उघड्यावरील वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधीच अशी प्रक्रिया झालेली असू शकते, तेव्हा खरेदी करतानाच विचारून घ्यावे. बागेतील दिवे हेही दुर्लक्षित संकट आहे. स्वित्झर्लंडमधील कुरणांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कृत्रिम प्रकाश टाकलेल्या जागी रात्रीच्या परागवाहकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. पायवाटेला उजेड हवाच असेल तर तो कमी उंचीवरून, जमिनीकडे रोखलेला आणि माणूस जवळ आल्यावरच लागणारा असावा. फुलांच्या ताटव्यांवर दिवे सोडू नयेत.